१९ नंबरचा पाना

१ जूनला मासेमारी बंद झाली की माझा हंगाम सुरू होतो. हर्णैच्या बऱ्याच बोटी पावसाळ्यात आंजर्ल्याच्या खाडीत येऊन लागतात, आणि वर्षभर ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणून ढकललेली इंजिनं एकदम आजारी पडतात. मी डिझेल इंजिनांचा मिस्त्री. यंदाही एका बोटीच्या इंजिनखणात वाकडातिकडा होऊन पडलो होतो तेव्हा ताईचा फोन आला.

“बंड्याचं ठरलं रे,” ताई म्हणाली. बंड्या म्हणजे तिचा मुलगा. “हायवेवरच्या त्या आयटीआयला घालतोय, डिझेल मेकॅनिकला. काचेची बिल्डिंग आहे. सर लोक किती गोड बोलतात! पाच हजार भरले पण.”

“पावती?”

“कच्ची दिली. पक्की नंतर देतो म्हणाले.”

मी खणातून बाहेर आलो, हात पुसले आणि बुधवारी येतो म्हणालो. बुधवारच का, ते पुढे सांगतो. आधी मला या गोष्टीची एवढी खाज का, ते सांगितलं पाहिजे.

२००६ साली मी बारावी झालो. खेड, दापोली, मंडणगडकडच्या गावांत कोणी ना कोणी बोटीवर असतोच, म्हणजे मासेमारीच्या नव्हे, मोठ्या जहाजावर. तो सुट्टीवर आला की घराला नवा रंग लागतो, अंगणात लाद्या बसतात. मलाही जायचं होतं. नवी मुंबईत एक संस्था होती. सहा महिन्यांचा कोर्स, फी १ लाख ६० हजार. बाबांनी ४० कलमं पाच वर्षांच्या कराराने एका बागवाल्याला दिली आणि पैसे उभे केले. म्हणजे पाच वर्षं आमच्याच झाडांचे आंबे आम्ही बाजारातून आणून खाल्ले.

कोर्स छान होता, खोटं कशाला बोलू. पांढरा गणवेश, खांद्यावर पट्ट्या, दोरखंडाच्या गाठी, महापालिकेच्या तलावात पोहणं. शेवटी जाड कागदाचं प्रमाणपत्र, त्यावर सोनेरी शिक्के, पृथ्वीचा गोल आणि मोठा नांगर. ते घेऊन मी सीडीसी काढायला गेलो. सीडीसी म्हणजे खलाशाचं अधिकृत पुस्तक, त्याच्याशिवाय जहाजावर पाय ठेवता येत नाही. खिडकीतल्या माणसाने प्रमाणपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि संस्थेच्या मान्यतेचा नंबर विचारला. नौवहन महासंचालनालयाने दिलेला. तो कागदावर असायला हवा होता. जिथे नंबर हवा, तिथे नांगर होता.

घरी येऊन हे बाबांना सांगायला मला नऊ दिवस लागले. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी बागेला पाणी घालायला गेले आणि अर्ध्या वाटेतून परत आले, कारण बाग आता दुसऱ्याच्या ताब्यात होती.

पुढे बंदरावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली लागलो आणि आज पोट त्यावर आहे, त्यामुळे ही रडकथा नाही. गणवेशाचं कापड मात्र उत्तम होतं. धागे सुटत नाहीत. नोझल पुसायला बरीच वर्षं पुरलं.

तेव्हापासून वाडीतला कोणीही माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे येतो. बोटीवर जाणाऱ्या पोरांना सांगायचं सोपं आहे. दहावीनंतरचा जी. पी. रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. तो शिकवायला मान्यता असलेल्या संस्थांची यादी नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. त्या यादीत नाव नाही, तर इमारत कितीही मोठी असो, उठायचं आणि एसटी पकडायची. कोर्सनंतर जहाजावर भरती करून देणाऱ्या एजंटालाही याच महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि परवानावाल्याला खलाशाकडून नोकरीचे पैसे घेता येत नाहीत. “दोन लाख द्या, महिन्याभरात जॉइनिंग” असं कोणी म्हणालं की बोलणं तिथेच संपलं. आमच्याकडे दर वर्षी कोणीतरी ते पुढे नेतोच, ती गोष्ट वेगळी.

बंड्याचं माहितीपत्रक ताईने व्हॉट्सअॅपवर पाठवलं. पहिल्याच पानावर ‘सरकारमान्य’. या शब्दाचा मला भयंकर राग आहे. कुठल्या सरकारने, कशाला मान्यता दिली? माझ्या गॅरेजलाही उद्यमचं, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र आहे. घरबसल्या मिळतं, वर अशोकस्तंभ असतो. म्हणून मी विद्यापीठ झालो नाही. संस्था ट्रस्ट म्हणून नोंदलेली असणं म्हणजे भजनी मंडळ नोंदलेलं असण्यासारखंच. नोंदणी झाली, एवढंच. आयएसओच्या शिक्क्याचंही तेच. ऑफिसातल्या फायली शिस्तीत लावल्यात असं तो फार तर सांगेल, पोराला इंजिन उघडता येईल की नाही हे नाही सांगणार.

आयटीआयच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळ पालकांना माहीत नसते, मलाही बरीच उशिरा कळली. दिल्लीच्या प्रशिक्षण महानिदेशालयाची मान्यता अख्ख्या संस्थेला घाऊक मिळत नाही. ट्रेडनिहाय, म्हणजे एकेका कामाच्या कोर्सला वेगळी मिळते, आणि त्यातही तुकडीनिहाय. एकाच इमारतीत इलेक्ट्रिशियन खरा असू शकतो आणि शेजारच्या खोलीतला ‘अॅडव्हान्स्ड डिझेल टेक्नॉलॉजी’ संस्थेने स्वतःच छापलेला. पाटीवर दोन्ही नावं एकाच रंगात, एकाच मापात. त्यामुळे “तुमची संस्था मान्यताप्राप्त आहे का?” हा प्रश्नच चुकीचा. “डिझेल मेकॅनिकला किती तुकड्या मान्य आहेत, आणि पत्र बघू,” असं विचारायचं. खरी संस्था पत्र काढून दाखवते. दुसरी चहा मागवते.

आमच्यासाठी चहा आला.

चहा चांगला होता. सोबत बिस्किटं. ताई माझ्याकडे ‘बघ, किती चांगली माणसं’ अशा नजरेने बघत होती. मी म्हटलं, वर्कशॉप बघू या. “आज जरा मेन्टेनन्स चाललाय, शनिवारी या, शनिवारी पालकांचा मेळावा आहे.” म्हणूनच मी बुधवारी जातो, न सांगता. शनिवारी मेळाव्याला सगळ्याच शाळा चांगल्या असतात. होळीला सगळीच घरं सारवलेली असतात तसं. मी तिथेच बसून राहिलो. पंधरा मिनिटांनी किल्ली सापडली.

मोठा हॉल. लख्ख फरशी. चार इंजिनं स्टँडवर, निळ्या रंगाने रंगवलेली. भिंतीवरच्या बोर्डावर पाने ओळीने लावलेले, चकाचक. ताई खूश. मी बोर्डाजवळ गेलो आणि १९ नंबरचा पाना काढून हातात घेतला.

डिझेलच्या कामात १३, १७, १९ हे पाने सतत लागतात. माझ्याकडचा १९ चा पाना तोंडाशी झिजलाय, दांड्यावरचा आकडा बोटाने चाचपून ओळखावा लागतो. जिथे वर्षभर वीसेक पोरं शिकतात, तिथला १९ नंबर असा कोरा कसा असेल? त्याच्या तोंडात कारखान्यातून आलेलं ग्रीस होतं, वाळून पिवळं पडलेलं. इंजिनांचे नट बघितले. रंग नटाच्या कडेवरून सलग उतरलेला, कुठे चिरलेला नाही. म्हणजे रंग मारल्यानंतर त्या नटाला कोणी पाना लावलेला नाही. फरशीवर ऑइलचा एक डाग नाही. कोपऱ्यात चिंध्यांचा ढीग नाही. कानस मारून मारून पोरं जे लोखंडाचे तुकडे करतात, त्यांना आयटीआयमध्ये जॉब म्हणतात. त्यावर रोल नंबर ठोकलेला असतो. कुठल्या तरी खोक्यात ते असतातच. इथे खोकंच नव्हतं.

या कोर्सात सत्तर टक्क्यांच्या आसपास वेळ हातकामाचा असायला हवा. म्हणजे वर्कशॉप घाण असायला हवं. घाण आणि अव्यवस्था यांत फरक आहे, तो कोणालाही कळतो. स्वयंपाकघरासारखंच. जिथे रोज रांधतात तिथे मसाल्याच्या डब्याचं झाकण तेलकट असतं.

तिथे एक मुलगा भेटला, वर्ष संपत आलेला. सरांनीच बोलावला, हुशार म्हणून. मी विचारलं, “टॅपेट लावायला सांगितले तर काय करशील?” मुलगा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “टॅपेट क्लिअरन्स म्हणजे व्हॉल्व्ह स्टेम आणि रॉकर आर्म यांच्यामधील अंतर होय.” होय! दहावीच्या विज्ञानाच्या पेपरातलं होय. मी म्हटलं, बरोबर आहे, पण करशील काय? तो सरांकडे बघायला लागला. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं, कारण तो मीच होतो, फक्त गणवेश खाकी.

परत निघताना जिन्यातला फलक बघितला. ‘१००% प्लेसमेंट’, आणि खाली फोटो. त्यातला एक चेहरा ओळखीचा. शेजारच्या वाडीतला. नालासोपाऱ्याला मामाच्या मोबाईलच्या दुकानात बसतो. रात्री त्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. “दादा, तो अॅडमिशनच्या फॉर्मवरचा फोटो आहे. मला कोणी विचारलंच नाही.” तेव्हापासून मी फलकावरची टक्केवारी बघत नाही. मागच्या वर्षीच्या पाच मुलांची नावं आणि कुठे कामाला आहेत ते विचारतो, आणि त्यांतल्या दोघांना स्वतः फोन करतो. पाच नावं सांगता येत नाहीत, त्याला शंभर टक्के कुठून सापडले?

दुसरी संस्था बंड्यानेच सुचवली. त्याचा मित्र तिथे आहे. खासगीच, पण पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेर चिखल, फलक अर्धा उडालेला. ताई रिक्षातून उतरायला तयार नव्हती. “अरे, इथे घालायचं पोराला? लोक काय म्हणतील?”

ऑफिसात एक मॅडम होत्या. मान्यतेचं पत्र विचारलं तर त्यांनी मान वर न करता भिंतीकडे बोट दाखवलं. फ्रेम करून लावलं होतं, बुरशी आलेली, पण ट्रेड आणि तुकड्या स्पष्ट. फीचा तक्ता शेजारी. पावती पुस्तक टेबलावर उघडं. चहा नाही विचारला.

वर्कशॉपमध्ये सहा पोरं एका उघड्या इंजिनाभोवती, हेड काढलेलं, पिस्टन वर दिसतायत. निदेशक हातात काही न धरता मागे उभे. हे मला आवडलं. जो मास्तर स्वतः पाना हातात घेऊन ‘बघा, असं करायचं’ म्हणत राहतो, त्याची पोरं वर्षभर बघतच राहतात. मी निदेशकांना विचारून एका पोराला तोच प्रश्न टाकला. टॅपेट लावायचे झाले तर?

पोरगं हात पुसत म्हणालं, “इंजिन थंड आहे की गरम?”

एवढंच. मी ताईला म्हटलं, चल, बघून झालं. ताईला काही कळलं नाही. तिला वाटलं, मलाही जागा आवडली नाही. बाहेर आल्यावर सांगितलं की काही इंजिनांचे टॅपेट थंडपणी लावायचे असतात, काहींचे गरमपणी, आणि अंतर किती ठेवायचं ते कंपनी सांगते. ज्याने स्वतः लावलेत, तोच उलटा प्रश्न विचारतो.

दोष नव्हते असं नाही. इंजिनं जुनी होती, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं एकही नाही, आणि हल्ली गाड्यांत सगळं तेच आहे. तसं मी तोंडावर बोललो. निदेशक म्हणाले, “हो, ते नाहीच. त्यासाठी पोरांना चार दिवस शोरूमला पाठवतो, पण ते पुरत नाही.” ज्याला काय नाही ते सांगता येतं, त्याच्या ‘आहे’वर मी विश्वास ठेवतो. काचेच्या इमारतीत ‘नाही’ हा शब्द दिवसभरात एकदाही ऐकला नव्हता.

मग गेटासमोरच्या टपरीवर वडापाव खाल्ला. टपरीवाल्याला सगळं माहीत असतं. पोरं किती वाजता येतात, किती वाजता पळतात, निदेशक किती वेळा बदलले, शुक्रवारी दुपारनंतर कोण उरतं. तो म्हणाला, ते खाकी शर्टवाले सर गेली सहा वर्षं माझ्याकडे उधारीवर चहा पितात. सहा वर्षं टिकलेला मास्तर! खासगी संस्थेत हे प्रमाणपत्रापेक्षा मोठं. जिथे दर जूनला मास्तर नवे, तिथे पगार थकतोय असं खुशाल समजावं.

एसटीचं गणितही तिथेच केलं. परीक्षेला बसायला ऐंशी टक्के हजेरी लागते. सकाळची पहिली गाडी सुटल्यावर पोहोचायला सव्वातास. पावसात दरड आली, झाड पडलं, गाडी रद्द, की हजेरी गेली. आपल्याकडे शाळा निवडताना हे कोणी धरतच नाही. बंड्याची सोय मित्राच्या आत्याकडे झाली म्हणून हो म्हटलं, नाहीतर चांगली संस्थासुद्धा त्याला उपयोगाची नव्हती.

ताईचे पाच हजार मात्र अडकले. मी कच्ची पावती घेऊन तीनदा गेलो. दोनदा साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा मी ग्रीसच्या कपड्यांत थेट त्यांच्या सोफ्यावर बसलो, तेव्हा साडेतीन परत मिळाले. शाळा सोडल्याचा मूळ दाखला दिलेला नव्हता, नाहीतर हातात काहीच नव्हतं. मूळ कागद कोणाला ठेवून घ्यायला देऊ नका. दाखवायचा, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायचा.

हे सगळं वाडीत पसरलं आणि मग लहान मुलांच्या शाळांचेही फोन सुरू झाले. त्यातलं मला फार कळत नाही. इंजिनासारखं उघडून बघता येत नाही. ‘दहावीचा निकाल १००%’ या फलकाने मात्र हुरळून जाऊ नका. आपला कोकण विभाग दहावीला गेली कित्येक वर्षं राज्यात पहिला असतो. २०२४ ला विभागाचाच निकाल ९९.०१ टक्के होता. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून साध्या हायस्कूलला गेलेलं पोरही इथे पास होतंच. शंभर टक्क्यांत शाळेची करामत किती? नववीत किती मुलं होती आणि दहावीच्या परीक्षेला किती बसली, हे विचारा. मधली कुठे गेली ते कळलं की शाळा कळली.

आणि ‘सीबीएसई पॅटर्न’. हा एक नवीनच प्रकार. पॅटर्न म्हणजे मान्यता नव्हे. तसं म्हणायला गेलं तर माझी आई ताज हॉटेल पॅटर्नची आमटी करते. बोर्डाच्या संकेतस्थळावर शाळेचा संलग्नता क्रमांक सापडला पाहिजे, आणि ती कितवीपर्यंत आहे तेही तिथेच दिसतं. नाहीतर नववीत बोर्डाची नोंदणी करायची वेळ आली की मुलांची नावं भलत्याच शाळेतून जातात. चुलतभावाने यावर शाळेत विचारलं, तर “प्रोसेसमध्ये आहे” असं उत्तर मिळालं. चार वर्षं झाली म्हणे प्रोसेसला. शिवाय प्रवेशाला चार वर्षांच्या मुलीची मुलाखत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाखतही बंद आहे आणि देणगीही, पण ‘भेट’ म्हणून बोलावतात आणि ‘इमारत निधी’ म्हणून घेतात. चुलतभाऊ अजून विचारात आहे. बायकोला बसचा पिवळा रंग आवडलाय.

आता ताईच्या धाकटीचं. तिला नर्स व्हायचंय. बाजारपेठेत कापडाच्या दुकानावर एक ‘नर्सिंग इन्स्टिट्यूट’ आहे, एका वर्षात नर्स करून देतात. चाळीस मुली, एक पलंग, एक प्लास्टिकची बाहुली जिच्या दंडावर सुयांची भोकं पडलेली. निदान तिचा वापर झालाय, हे मी मान्य केलं. पण नर्सिंगचे खरे कोर्स म्हणजे एएनएम आणि जीएनएम. एएनएम दोन वर्षांचं असतं, जीएनएम तीन वर्षांचं. नंतर महाराष्ट्राच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली तरच ती नर्स. एका वर्षाच्या कागदावर ती नोंदणी होत नाही. मग त्या मुली खासगी दवाखान्यांत सहा-सात हजारांवर राबतात, काम नर्सचं आणि नाव ‘सिस्टर’ एवढंच. धाकटीला हे सांगितलं तर म्हणाली, “मामा, तीन वर्षं खूप होतात.” मी म्हटलं, मी सहा महिन्यांत खलाशी झालो होतो.

चिपळूणकडे एक जीएनएमचं कॉलेज बघितलंय, कागदावर तरी ठीक वाटतं. कौन्सिलच्या यादीत नाव आहे, स्वतःचं रुग्णालय आहे म्हणतात. नर्सिंगमध्ये वर्कशॉप म्हणजे वॉर्ड. खाटा किती आहेत ते माहितीपत्रकात लिहिलंय, पण त्यांवर माणसं किती आहेत ते लिहिलेलं नाही. रिकाम्या खाटांवर काय शिकणार? आमच्या वाडीतली एक बाय तिथे आयाचं काम करते. ती म्हणाली, दुपारी दोनला पाळी बदलते, तेव्हा या, मुली कुठे असतात ते बघा, वॉर्डात की हॉस्टेलच्या गच्चीवर.

येत्या बुधवारी जातोय. ताई, धाकटी आणि मी, पहाटेच्या गाडीने. ताईला सांगून ठेवलंय की डबा घे, कोणी चहा दिला तर पिऊ नको. आंजर्ल्याच्या त्या बोटीचं हेड मंगळवारपर्यंत बसवायचंय, त्यामुळे आता इथेच थांबतो.